सावळीवरचा लाल क्रूस

ला मेर्सेद, मेक्सिको सिटी
सप्टेंबरचा शेवटचा रविवार

प्रिय फिदे,

पाकीट पाहून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही, आणि गुडघे सोडले तर माझंही सगळं जागेवर आहे. पाकिटात पत्राखाली एक छोटी पुडी आहे, ती आधी उघडू नकोस. लहानपणी तू कणसाच्या पानात उकडलेल्या तामालची पानं सोलायच्या आधीच त्यात बोट घालायचास, म्हणून मुद्दाम सांगतेय. पत्र लिहायचं कारण असं की फोनवर तू मला बोलू देत नाहीस. दर रविवारी फोन करतोस, एन्सेनादाच्या समुद्रावर धुकं किती होतं ते सांगतोस, छोट्या इनेसला आजीशी दोन शब्द बोलायला लावतोस, आणि मी चर्चचं नाव काढलं रे काढलं की तुझ्या फोनची रेंज जाते. ती नेमकी त्याच शब्दाला कशी जाते, हे मला कळत नाही असं समजू नकोस. कागदाची रेंज जात नाही. मध्ये उठून सिगारेट ओढून आलास तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

आपलं सान्ता एदुविगेसचं चर्च उघडतंय. भूकंपाने घुमटाला भेग पडली त्या दिवसापासून दाराला साखळी होती, हे तुला माहीतच आहे. बाजूची भिंत रस्त्यावर येऊ नये म्हणून तिला लाकडी टेकू दिले, तेव्हा भिंतीला चिकटलेलं माझं दुकानही मला हलवावं लागलं. आता मी रस्त्याच्या पलीकडे, चोलेच्या मिरच्यांच्या दुकानाला लागून बसते. दिवसभर शिंकते आणि बाळ येशूंच्या मूर्तींची तुटलेली बोटं जोडते. गिऱ्हाइकं तीच, तक्रारीही त्याच. परवा एक बाई वर्षभर कपाटावर ठेवलेला बाळ घेऊन आली, नाक नाही, एक पाय नाही, आणि वर मलाच म्हणते, जपून हाताळा हं. मी म्हटलं, बाई, इतकं जपणं मला नाही जमायचं.

तर दुकानात बसल्या बसल्या मी सगळी दुरुस्ती पाहिली. काम बघायला मोंतेर्रेहून एक आर्किटेक्ट बाई आली आहे, हिमेना नावाची. सगळे तिला आर्की म्हणतात. काटकुळी, डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि बोलते उत्तरेकडच्या लोकांसारखी, भांडल्यासारखी. तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर घुमटावरचं सिमेंट फोडून काढलं. आठवतं, तुझे बाबा किती अभिमानाने सांगायचे? गळती थांबावी म्हणून तरुणपणी त्यांनी आणि सगळ्या गल्लीने बादल्या वाहून घुमटावर सिमेंट ओतलं होतं. आता आर्की म्हणते, चुन्याची जुनी भिंत श्वास घेते, तुम्ही तिचं नाक दाबलंत आणि वर छातीवर दगड ठेवलात. भूकंपात घुमट त्या ओझ्यानेच चिरला म्हणे. बरं झालं, हे ऐकायला ते नाहीत. मायेने केलेल्या कामाने असा गळा आवळलेला त्यांना सोसला नसता.

आता सगळं चुन्यातच केलंय. चुना खड्ड्यात महिनोन्‌महिने भिजत ठेवतात आणि त्यात नोपालच्या निवडुंगाचा चिकट रस मिसळतात. त्यामुळे बाजारात नोपाल सोलणाऱ्या बायकांचे भाव वधारले. पूर्वी काटे आणि देठं गटारात जायची, आता आर्कीची माणसं येऊन टोपल्या भरून नेतात आणि या बायका आपणच घुमट बांधल्याच्या तोऱ्यात फिरतात. आत गेलास तर तुला छत ओळखू येणार नाही. पायऱ्या मात्र तशाच, रस्त्यावरून खाली उतरणाऱ्या. हे शहर खचतंय, ते काही आर्कीला थांबवता येत नाही.

तुझे बाबा गेले तेव्हा चर्चला कुलूप होतं. तू आलास, दफनभूमीच्या फाटकाजवळ उभा राहिलास, आणि गल्लीत पाऊल न टाकता संध्याकाळच्या बसने गेलास. मी काही बोलले नाही. पण त्या दिवशी मला कशाचं वाईट वाटलं सांगू? ज्या माणसाने चाळीस वर्षं या वस्तीतल्या एकेका मेलेल्यासाठी घंटा वाजवली, तो स्वतः एकाही टोल्याशिवाय गेला. आणि चर्च उघडं असतं तरी काय, त्या दुसऱ्या, चिल्लर घंटेचा किणकिणाट झाला असता. मेलेल्यांची घंटा म्हणजे सावळी. ती तर आपला चिंतो गेल्यापासून गप्पच आहे. चोले मला वर्षानुवर्षं ऐकवत आली आहे की मला त्या किणकिणाटात पुरू नका, आइस्क्रीमवाला आला असं वाटतं. ती बोलायची चेष्टेत, पण मान माझ्याकडे वळवून बोलायची. सावळीचं तोंड उघडणं माझ्या हातात होतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

आता मूळ गोष्टीवर येते. जूनमधली गोष्ट. चोले हातात वाळक्या मिरच्यांची जुडी घेऊन तशीच धावत माझ्या दुकानात आली. धापा टाकत म्हणाली, "ओतिलिया, तुझ्या सावळीला कुणीतरी माफ करून टाकलं गं." मी रस्त्यावर येऊन वर पाहिलं. मनोऱ्याच्या खिडकीवरचं प्लॅस्टिक काढलेलं होतं आणि आत सावळी दिसत होती, धुतलेली, काजळी गेलेली, अर्धवट गोरी झालेली. आणि तिच्या अंगावर इतकी वर्षं असलेला लाल क्रूस नव्हता. चोले मागून म्हणाली, खून हिने केला, आणि वर हिलाच आंघोळ घातली. एरवी मी हसले असते. माझ्या हातात एका बाळ येशूचा हात होता, तो तसाच घेऊन मी ट्रकांच्या आणि हातगाड्यांच्या मधून पलीकडे गेले आणि आर्कीला भर रस्त्यात असं झोडपलं की बांबूवरचे गवंडीसुद्धा काम थांबवून बघायला लागले.

बिचारीला काही ठाऊकच नव्हतं. तिला वाटलं, कुणा टारगटाने वर चढून घंटेला रंग फासलाय. तिने आठवडाभर कापसाच्या बोळ्यांनी, इंच इंच करून तो पुसला होता आणि स्वतःवर खूष होती. मग मी तिला सांगितलं. ज्या घंटेने माणूस मारला, तिची जीभ, म्हणजे आतला लोळा, काढायची, अंगावर लाल क्रूस काढायचा, आणि ज्या घरचं माणूस गेलं ते घर माफ करेपर्यंत तिने गप्प राहायचं, ही इथल्या घंटावाल्यांची जुनी रीत. तिला सांगितलं की सावळी ही दोरीने वाजणारी घंटा नव्हे, हाताने ढकलून गरगर फिरवायची घंटा. सणाच्या दिवशी ती फिरत असताना तिच्या डोक्यावरचं लाकडी जू गोल येऊन ढकलणाऱ्यावर आदळलं. आर्कीने विचारलं, मग हिचा लोळा कुणी काढला आणि क्रूस कुणी रंगवला? मी म्हटलं, इथला मुख्य घंटावाला, माझा नवरा. ती चुन्याच्या पोत्यावर बसली, हेल्मेट काढलं आणि हळूच विचारलं, "आणि गेलं कोण?" मी म्हटलं, आमचा धाकटा. त्यानंतर तिला ओरडायचं माझ्यात काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती गोड पाव घेऊन दुकानात आली. त्यांच्या कामाचा नियम असा की जे होतं ते होतं तसं परत करायचं, आणि तो क्रूस तर नुसता रंग नव्हता. जुना फोटो पाहून ती तो पुन्हा काढायला तयार होती. पण फादर आन्सेल्मोंनी तिला अडवलं की हा रंग परक्या हाताने लागत नाही. त्यांचा डाव मला कळला. ते स्वतः येऊन म्हणाले, ओतिलिया, आता पुसलाच गेलाय तर राहू दे ना, देवाचीच इच्छा असेल. मी म्हटलं, फादर, पुसलं जाणं आणि माफ करणं यात फरक आहे, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. देवाच्या इच्छेला कापसाचे बोळे कशाला लागतात? मी स्वतः वर जाईन आणि स्वतः काढीन. खरं सांगते, मी तेव्हा मनापासून बोलत होते. इतकी वर्षं त्या क्रूसाकडे बघून मी रोज दुकान उघडलंय. कुणीतरी शिक्षा भोगतंय, एवढाच मला आधार होता.

मनोऱ्यावर मी त्याआधी कधी चढले नव्हते, हे तुला माहीत आहे. चिंतो गेल्यावर तर तिकडे मान वर करून बघणंही जड जायचं. माझ्याकडचाच लाल रंग घेतला, बाळ येशूंच्या ओठांना लावते तो, थोडा घट्ट कालवून. आर्की पुढे, मी मागे. तो जिना किती अरुंद आहे रे. तुम्ही दोघं त्यावरून एकमेकांना ढकलत पळायचात, आणि मी खालून ओरडायचे. भिंतीवर हात ठेवत ठेवत वर गेले, तेव्हा एका वळणावर खडूने काढलेला फुटबॉल खेळणारा माणूस दिसला. चिंतोने काढलेला. आर्की म्हणाली, हा मी पुसू दिला नाही, मला वाटलंच कुणाचा तरी असेल. बघ, ज्याबद्दल विचारायला हवं होतं ते पुसलं आणि न विचारता हे मात्र राखलं. या पोरीवर मला फार वेळ रागावता आलं नाही.

वर वारा होता. खाली सगळा बाजार, हमालांच्या आरोळ्या, बसचा धूर, आणि माझ्या छातीच्या उंचीला सावळी. मी तिला एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. तिच्या काठाला एका बाजूला काशाचा रंग वेगळा आहे, गुळगुळीत. आर्कीने सांगितलं की ढकलणाऱ्यांचे हात लागून लागून ते तसं झालंय. म्हणजे तुझ्या आजोबांचे, बाबांचे, तुझे आणि त्याचे. बाबांनी काढलेल्या क्रूसाची एक बाजू खाली ओघळली होती, तो ओघळ मला खालूनही दिसायचा. तो सुद्धा आता नव्हता. मी ब्रश बुडवला. हात उचलला. आर्की जिन्याच्या तोंडाशी पाठ करून उभी राहिली. मी वाट बघत होते की मला राग येईल आणि त्या रागात हात चालेल. राग काही आला नाही. ब्रशवरचा रंग वाळला, मी परत बुडवला, तो परत वाळला. दुसऱ्याने दिलेल्या शिक्षेकडे रोज बघणं सोपं होतं. आपल्या हाताने ती नव्याने द्यायची म्हटल्यावर माझं बोट हलेना. मला नुसतं रडू आलं, फिदे, आणि ते चांगलंच आलं.

तिचा काय दोष होता? हे तर पहिल्या दिवसापासून चोलेला, फादरना, बाबांना, सगळ्यांना ठाऊक होतं. काशाच्या गोळ्याला काय कळतं, कोण जवळ उभं आहे ते? पण दोष नाही म्हणून माफी आपोआप मिळत नाही. ती कुणीतरी तोंडाने द्यावी लागते. ती देणारं माणूस गप्प बसलं, तर ज्याने काहीच केलं नाही तोही जन्मभर तोंड मिटून शिक्षा भोगत राहतो. हे मला वर उभं असताना कळलं, इतक्या उशिरा. मी ब्रश डबीत ठेवला, त्या गुळगुळीत जागेवर हात ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, "जा, माफ केलं तुला." एवढंच. उतरताना आर्कीने माझा हात धरला होता.

लोळा तर माझ्याकडेच होता. बाबांनी तो जुन्या घोंगडीत गुंडाळून दुकानात खालच्या फळीखाली ठेवला होता आणि दुकान हलवलं तेव्हा मी तोही हलवला. गिऱ्हाइकं नकळत त्यावर पाय टेकायची, मी त्यांना दटावायचे, ती बिचारी घोंगडीचीच माफी मागायची. परवा बाजारातल्या एका हमालाच्या हातगाडीवर घालून तो परत पाठवला. तो हमाल नेहमीच्या आरोळ्या ठोकत निघाला, "बाजूला व्हा, लागेल, लागेल!" आणि मग लोकांनी ओळखलं की गाडीवर काय आहे. फिदे, तुला सांगते, ला मेर्सेदमध्ये हातगाडीला कुणी आपणहून वाट दिलेली मी जन्मात पाहिली नव्हती. केळीवाल्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. चोले गाडीमागून चालत गेली, चिंतोची धर्ममाता म्हणून, आणि वाटेत ज्याने हॉर्न वाजवला त्याच्या आईचा उद्धार करत गेली.

सावळी आता कधीच फिरणार नाही. मनोऱ्याला तो झोका सोसवणार नाही, म्हणून आर्कीने तिला पक्की बसवलीय, जू जाड तुळईला बांधून टाकलंय. लोळ्याला नवी चामड्याची वादी आणि खालपर्यंत दोरी. खाली उभं राहून ओढायची, कुणालाही काही होणार नाही. हे मी स्वतः तीनदा विचारून घेतलंय, आणि तिसऱ्यांदा आर्की चिडलीसुद्धा. सान्ता एदुविगेसच्या सणाला, सोळा ऑक्टोबरला चर्च उघडेल आणि माफ झालेली घंटा वाजेल. पहिला टोला ज्या घरचं माणूस गेलं त्या घराचा. फादर म्हणाले, ओतिलिया, तू ओढ. मी नाही म्हटलं. चोलेने लगेच बाह्या सरसावल्या, तिलाही नाही म्हटलं. सगळे विचारतात, मग कोण? मी सांगितलं, मला एक पत्र लिहायचंय.

आता पुडी उघड. ते घंटा ढकलताना घालायचे तुझे हातमोजे आहेत, मी शिवलेले, आतून सशाच्या कातड्याचं अस्तर, मनगटाशी लाल दोऱ्याने तुझ्या नावाचं पहिलं अक्षर. त्या दिवशी सावळीवर पाळी तुझी होती. बाबांनी गल्लीला सांगितलं की पाळी चिंतोची होती आणि आपणच त्याला उभं केलं होतं. मलाही तेच सांगितलं, आणि मरेपर्यंत तो शब्द फिरवला नाही. तू गप्प राहिलास, कारण बोलला असतास तर बाप खोटा ठरला असता. पण चिंतोला खाली आणलं तेव्हा त्याच्या हातांत हे मोजे होते. कुणी बघायच्या आत मीच ते काढले आणि एप्रनच्या खिशात घातले. मग तू आलास, सोचिमिल्कोहून, नवे बूट घातलेला, केसांना तेल लावलेला, आणि दारातच बसलास. मला सगळं तेव्हाच कळलं, बाळा. पहिल्या दिवसापासून. आणि तुझ्याकडे बघून माझ्या मनात एकच आलं होतं, हा तरी राहिला. मला वाटलं मी काही बोलले नाही तर तुला जपते आहे. बाबांना वाटलं ते दोघांना जपताहेत. आणि तू एन्सेनादाला जाऊन बसलास. घुमटावर सिमेंट ओततात तसं आपण तिघांनी एकमेकांवर हे गप्प राहणं ओतत नेलं. तू एका मुलीला भेटायला गेलास आणि भावाने हौसेने तुझी जागा घेतली, याला दोष म्हणत नाहीत. पण सावळीचाही नव्हता, तरी तिला तोंडाने सांगावं लागलं. म्हणून तुलाही सांगते, आणि तू आलास की तोंडानेही सांगेन. माफ केलं, फिदे. केव्हाच केलं होतं. दोरीला मोज्यांची गरज नाही, पण ते घालूनच ये, मी दरवर्षी तेल लावून मऊ ठेवलेत. पहिला टोला चिंतोसाठी, दुसरा बाबांसाठी, दोघांचेही राहिलेत. इनेसलाही आण, तिला काकाचं चित्र दाखवायचंय. तू येईपर्यंत मी त्या दोरीला कुणाला हात लावू देणार नाही, फादरनासुद्धा नाही. पाळी तुझी होती, ती अजून तुझीच आहे.

वाट पाहणारी तुझीच,
आई